इंजिनातला कोंडा

कवडू, तुझी बातमी आली तेव्हा मी तुलाच शिव्या घालत होतो. खोटं कशाला बोलू? तुझी गाडी आमच्या वर्कशॉपच्या आवारात सागाच्या ठोकळ्यांवर उभी होती. मी बॉनेटखाली वाकून एअर क्लीनरचं झाकण काढलं होतं आणि तेलात कालवलेला तोच तो धानाचा कोंडा माझ्या बोटांना लागला होता. "ह्या माणसाचं आता काय करावं," असं मी मोठ्यानं म्हणालो, आणि त्याच वेळी तुमच्या गावचा एक माणूस फाटकातून आत आला. टोपी त्यानं हातात घेतली होती. काय झालं ते त्यानं सांगितलं, तरी माझा हात बराच वेळ त्या कोंड्यातच होता.

तेव्हापासून मी तुझ्याशी भांडतो आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं असं सगळे म्हणतात. मलाही बोलता येईल, पण आधी हे भांडण मिटू दे. गाडी घेतल्यापासून आपण एकाच गोष्टीवर वाद घातला, आणि तू उत्तर न देता निघून गेलास. ही काही रीत झाली नाही.

आठवतं, गाडी न्यायला आलास तो दिवस? तुमच्या कुरखेड्याकडे लाकूड ओढायला तोवर पेट्रोलचे जुने लष्करी ट्रकच धावायचे. डिझेलची नवीकोरी गाडी घेणारा त्या जंगलपट्ट्यात तूच पहिला. मी चांद्याच्या एजंटाकडे फोरमन, गॅरंटीची कामं माझ्या अंगावर. मी तुला बसवून नीट समजावलं की अमुक वर्षं किंवा तमुक मैल, ह्यातलं जे आधी होईल तिथवर कंपनी इंजिन फुकट दुरुस्त करून देईल, पण गाडी नीट वापरलेली पाहिजे. तू मान डोलावलीस. पुढच्या खेपेला आलास तर गॅरंटीचं कार्ड काचेत मढवून स्टिअरिंगच्या वर, मारुतीच्या तसबिरीशेजारी लावलेलं. मारुतीला शेंदूर लावताना एक बोट कार्डालाही. मी म्हणालो, "कवडू, ह्याच्यावर मला दर वेळी शिक्का मारावा लागतो. फ्रेम काढ." तू म्हणालास, "मारा ना जी. काचीवर मारा." मी डोक्याला हात लावला. तुझ्यापायी डोक्याला हात लावायची सवय मला तेव्हापासून लागली.

पहिल्यांदा गाडी बिघडून आली ती वर्षाच्या आतच. वडशाच्या स्टेशनावर लाकूड पोचवून तू तशीच पुढे चांद्याला आणलीस. मी आवाज ऐकूनच बाहेर आलो. धूर कसला, टायर पेटवल्यासारखा काळा. चढ चढत नाही, डिझेल पिते, सकाळी सुरू व्हायला रडते. इंजिन उघडलं तर आत सगळी काजळी. नोझलांची तोंडं बुजलेली, पिस्टनवर बोटाच्या पेराएवढा थर. नवीन इंजिनाची ही दशा मी पाहिली नव्हती. नागपूरहून कंपनीचा साहेब आला, त्यानं पाहिलं, मला म्हणाला, "काम करून द्या, पण कारण शोधा." काम करून दिलं. कारण शोधण्यात माझी पुढची सगळी वर्षं गेली, म्हणजे तुला शोभेल अशा भाषेत सांगायचं तर वाट लागली.

डिझेल जळायला हवा लागते, कवडू. हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं, अर्धवट जळलं की काजळी होते, ती रिंगांत जाऊन बसते, रिंगा आखडतात आणि इंजिनाचा दम जातो. आणि हवा आत जाते ती एअर क्लीनरमधून. त्याच्या तळाशी तेलाची वाटी असते, हवेतली धूळ त्या तेलात अडकावी म्हणून. तुझ्या वाटीत धूळ नसायचीच. लापशी असायची. मी ती चिमटीत धरून तुझ्या नाकासमोर धरली. "हे काय आहे?"

"कोंडा दिसते जी."

"तुझ्या गाडीच्या इंजिनात कोंडा कुठून येतो?"

तू आभाळाकडे पाहिलंस. "आमच्याकडं सगळीकडं धानच धान. उडत असन जी."

उडत असन जी. ह्या तीन शब्दांनी तू मला छळलंस. कोंडा उडतो हे मलाही कळतं. चामोर्शीच्या गाड्या येतात, आरमोरीच्या येतात, त्यांच्याही गावांत धानच पिकतं. त्यांच्या वाटीत कोंडा नसतो. तुझाच कोंडा तेवढा पंख लावून गाडीच्या मागे लागतो का, असं मी विचारलं, तर तू हसून म्हणालास, "माह्या गाडीवर जीव असन त्याचा." पुढे चहा मागवलास, आणि विषय संपला.

मग मी माझ्या डोक्यानं कारणं शोधत सुटलो. आधी वाटलं, तू ज्या पंपावर डिझेल भरतोस तिथलं भेसळीचं आहे. त्या पंपवाल्याशी मी इतका भांडलो की तो अजून माझ्याशी बोलत नाही. मग वाटलं, तू ओझं जास्त भरतोस. एक दिवस मी स्वतः तुझ्या शेजारी बसून मूल गावाच्या पुढल्या जंगलापर्यंत आलो. तू गाडी अशी चालवत होतास की पोटातलं पाणी हलू नये. चढाला वेळेवर गिअर, उताराला इंजिनावर रोख, थांबलास की इंजिन बंद. वाटेत तेंदूची टेंभरं विकायला बसलेल्या म्हातारीशी दहा गोष्टी बोललास, माझ्यासाठी पानाचा द्रोण भरून घेतलास, आणि बिया खिडकीतून थुंकत मला विचारलंस, "मंग, आहे का काई चूक?" नव्हती. तुझ्यासारखा हात मी फार थोड्यांचा पाहिला, हे मी तेव्हा बोललो नाही, कारण मी चिडलेला होतो. आता बोलतो आहे तर ऐकायला तू नाहीस. ह्यातही तुझंच खरं झालं म्हणायचं.

येताना दर खेपेला तू तांदळाचं गाठोडं आणायचास. चिन्नोर, वासाचा. आमच्या घरी शिजला की शेजारची बाई विचारायची, आज काय आहे. एकदा आमच्या हिनं सुपात तांदूळ घेतला आणि म्हणाली, "हा घरी कांडलेला नाई वाटत. मुसळीचा तांदूळ असा पांढरा निघत नाई. हा गिरणीचा हाये." मी तुला सहज विचारलं, तर तू म्हणालास, "गिरणी झाली असन कुठी." झाली असन. स्वतःच्या गावाबद्दल माणूस असं बोलतो का? पण मी वेंधळ्यासारखी मान हलवली आणि दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

दुसऱ्यांदा इंजिन आलं तेव्हा रिंगा आखडलेल्या होत्या. साहेबानं ह्या वेळी कपाळाला आठ्या घातल्या, पण माझ्या शब्दावर काम मंजूर केलं. मी त्याला म्हणालो होतो, "मी ह्या माणसाबरोबर बसून आलो आहे. गाडी तो नीट वापरतो." तू बाजूला उभा राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होतास. तेव्हा तरी बोलायचं होतंस.

आणि मग हे तिसरं. ह्या वेळी मी आधी मैलांचं घड्याळ पाहिलं. तुझ्या खेपा मला तोंडपाठ, कुरखेडा ते वडसा, कधीमधी चांदा. मैल त्याच्या कितीतरी पुढे गेलेले. गॅरंटी संपायला थोडेच उरलेले. ही गाडी एवढी हिंडली कुठे? मग डोक्यात एकच गोष्ट आली, जी तुमच्या भागात कोणाच्याही डोक्यात आली असती. मी विचारलं, "कवडू, चोरीचं सागवान ओढून राह्यला का?"

तू माझ्याकडे पाहिलंस. रागावलास असंही नाही. शेला झटकून खांद्यावर टाकलास आणि म्हणालास, "विचारलं तं विचारलं भाऊ. साहेब आला का निरोप धाडा."

नाही म्हणायला तुझं काय जात होतं? एक 'नाई' म्हणाला असतास. मी चिडून पुढे म्हणालो की साहेबाची वाट बघू नको, सोड ती गॅरंटी, दोन दिवसांत रिंगा साफ करून गाडी तुझ्या ताब्यात देतो. नियम असा की साहेबानं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय इंजिनाचा एक नट हलवायचा नाही, आणि साहेब दौऱ्यावर. तर तू फाटकातून वळलास. "गॅरंटी काऊन सोडू जी? ते तं आपल्या हक्काची हाये." आणि छोट्या रेल्वेनं वडशाला निघून गेलास.

हक्काची. पुढचं मला तुमच्या गावच्या माणसानं सांगितलं. कापणीच्या तोंडावर तुला हिवताप भरला. दोन दिवस तू कोणाचं ऐकलं नाहीस, तिसऱ्या दिवशी तुला शुद्ध नव्हती. मग बैलांची बंडी जुंपली, वर तणस अंथरली आणि वडशाच्या दवाखान्याकडे निघाले. रस्त्यात एका नाल्याशी बैल पाणी प्यायला थांबले, तिथं तू गेलास. तुझी स्वतःची गाडी, त्या रस्त्यावर तुझ्याइतकी कोणी चालवली नाही, ती माझ्या आवारात साहेबाची वाट बघत उभी होती. मला ह्याचा राग येतो, कवडू. रात्री नाही, दिवसा येतो, काम करताना येतो, हातातला पाना फेकून द्यावासा वाटतो. राग नेमका कोणाचा, ते ठरवायला माझं आयुष्य पडलं आहे. तूर्त तो तुझ्यावरच काढतो.

तुझ्या तेरवीला मी आलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या गावात. तूही कधी बोलावलं नव्हतंस, हे तेव्हा लक्षात आलं. दर वेळी म्हणायचास, "रस्ता खराब हाये, तुमाले तरास होईन." जेवणं झाली, हात धुवायला मी घरामागे गेलो, आणि तिथं एक लांब छपरी दिसली. छपरीत एक हलर उभा. धान कांडायचं लोखंडी यंत्र, जुनं, कुठल्यातरी मोडीत निघालेल्या गिरणीतलं. त्याला कातडी पट्टा. पट्ट्याचं दुसरं टोक रिकामं लोंबत होतं. त्याच्यासमोर जमिनीत सागाचे दोन ठोकळे घट्ट पुरलेले, वर जॅकच्या बुडाचा गोल खळगा पडलेला, आणि पुढे गाडीच्या चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या. वरच्या वाश्यांपासून खालच्या कुडापर्यंत सगळीकडे कोंडा. बोटानं रेघ ओढता यावी इतका.

मी तिथं उभा राहिलो आणि माझी सगळी वर्षं माझ्यासमोर आली. तू गाडी मागे घेऊन ठोकळ्यांपाशी आणायचास. मागचं एक चाक जॅकनं उचलायचास, त्याच्यावर पट्टा चढवायचास, इंजिन सुरू करून गाडी गिअरमध्ये टाकायचास. चाक अधांतरी फिरायचं, पट्टा फिरायचा, हलर धान कांडायचा. गाडी जागची हलायची नाही आणि घड्याळात मैल पडत राहायचे. आणि उभ्या गाडीचं इंजिन तापतं म्हणून तू, शहाण्या, बॉनेट उघडं टाकायचास. त्या कोंड्याच्या वावटळीत. एअर क्लीनरचं तोंड आ वासून.

यमुनावहिनी मागून आल्या. डोळे कोरडे होते, आवाज बसलेला. मी म्हणालो, "वहिनी, हे कवापासून?"

"गाडी आली त्याच सालापासून," त्या म्हणाल्या. "माहा खांदा उतरला होता. मुसळी उचलत नव्हती. हे म्हणे, थांब, तुले दाखवतो आता. मंग माह्यासाठी मांडलं आन् साऱ्या गावाचं झालं. गाडी आली का बाया टोपल्या घेऊन हजर. ह्याहीले तं काय, भाऊ भाऊ म्हटलं का हरभऱ्याच्या झाडावर चढून जात."

ते मला पटलं. उगाच तुला संत करण्यात अर्थ नाही. पुण्यबिण्य तुझ्या डोक्यात नव्हतं. बायकोचा खांदा, बैलांना फुकटचा कोंडा आणि गावच्या बायांनी भोवती जमून कौतुक करणं, ह्या तीन गोष्टींसाठी तू एका नव्या इंजिनाचा गळा दाबलास.

"मले एका शब्दानं काऊन नाई सांगतलं त्यानं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, तेरवीच्या घरी चढू नये इतका. "मी काय फाशी देणार होतो? अवो, हवेला एक लांब पाईप लावून छपरीच्या बाहेर काढला असता, झालं असतं. पाच हात पाईप. एवढं काम होतं ते."

वहिनींनी खांद्यावरचा पदर सावरला. मग म्हणाल्या, "मी म्हणत होती त्याहीले, मिस्त्रीभाऊले सांगा. तं ते म्हणत, नाई. तो माणूस खोटं बोलू शकत नाई. त्याले माहीत पडलं का तो साहेबाच्या तोंडावर सांगून देईन, आन् मंग गॅरंटीही जाईन आन् इतके दिवस त्याच्या शब्दावर काम झालं म्हून त्याची नोकरीही जाईन. त्याले माहीत नसलेलंच बरं हाये."

कवडू, आता ह्याला मी काय म्हणू? तू मला वर्षानुवर्षं फसवलंस, आणि ते माझ्यासाठी. मला आभार मानायचे आहेत की तुझी मानगूट धरायची आहे, हे माझं मलाच कळत नाही. माझी नोकरी सांभाळायला तू माझ्याकडून सागवानचोर म्हणवून घेतलंस आणि शेला झटकून निघून गेलास. पण पाच हात पाईप रे. तू विचारलं असतंस तर मी गॅरंटीबिरंटी बाजूला ठेवून रविवारी येऊन लावून दिला असता. काजळी धरली नसती, गाडी माझ्या आवारात आली नसती, आणि त्या दिवशी ती तुझ्या दारात असती. ह्याच्यापुढे मला विचार करवत नाही.

मी निघालो तर दारात बाया उभ्या. कापणी उरकत आलेली, घराघरांत नवं धान आलेलं. त्यातली एक म्हणाली, "भाऊ, गाडी कवा येते? मुसळीची सवय सुटली आता." दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. वहिनींच्या घरात दुसरं कोणी गाडी चालवणारं नव्हतं, मूलबाळ नव्हतं, आणि गाडी सोडून हाताशी काही नव्हतं. साहेबानं इंजिन मंजूर केलं तर गाडी चालू स्थितीत विकता आली असती. नाही केलं, तर आवारातलं ते लोखंड. हे सगळं आता माझ्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं, आणि माझा शब्द कसा आहे ते तू आधीच सांगून ठेवलं होतंस.

साहेब पुढच्याच आठवड्यात आला. वाईट माणूस नव्हता. तुझं ऐकून त्यानं टोपी काढली. मग इंजिन पाहिलं, मैल पाहिले, एअर क्लीनरच्या वाटीत बोट बुडवलं आणि मला विचारलं, "फोरमन, हा कोंडा कुठून येत होता, पत्ता लागला का?"

तेरवीहून येताना रेल्वेत मी ठरवून आलो होतो. उडत असेल म्हणायचं. बस, एवढंच. तुझेच शब्द, तुझ्याच चालीवर. मी तोंड उघडलं, आणि साहेबाला छपरी, पट्टा, ठोकळे, जॅक, उघडं बॉनेट, सगळं सांगून टाकलं. हातवारे करून सांगितलं. चाक कसं उचलायचा तेही दाखवलं. तू मरेस्तोवर सांभाळलेली गोष्ट मी एका दमात ओकून मोकळा झालो. साहेब ऐकत राहिला, एकदा हसू आवरलं त्यानं, मग कागद मिटून म्हणाला, "हे गॅरंटीत बसत नाही, तुम्हालाही माहीत आहे." मी हो म्हणालो. माझ्या नोकरीबद्दल तो काही बोलला नाही. जाताना फक्त म्हणाला, "पुढच्या वेळी गाडीवाल्याचं गाव आधी पाहत जा."

तुझं माणसांचं ज्ञान बरोबर होतं, कवडू. साहेबाच्या बाबतीत तू थोडा चुकलास, माझ्या बाबतीत नाही.

मग वहिनींना हे सांगायला निघालो. वडशाहून बंडीनं गेलो, वाटेत तो नाला लागला, मी दुसरीकडे पाहिलं. त्या सूप घेऊन बसल्या होत्या. मी सांगितलं की गॅरंटी गेली, आणि ती मीच घालवली. त्या सूप पाखडत राहिल्या.

"मंग आता ते इंजिन खोलाले कोणाले विचारा लागते का?"

"नाई. आता कोणाले नाई."

"तं मंग खोला," त्या म्हणाल्या. "गाडी माह्या काय कामाची? चाकं इका, टप इका, सारं इका. इंजिन इथी आणून मांडून द्या. म्या चालवतो हलर. चालू कसं करा लागते ते मले येते. त्याहीनं शिकवलं हाये."

इतकी वर्षं आपण दोघं चांद्याच्या आवारात गॅरंटी, गॅरंटी करत बसलो, आणि ह्या बाईनं बसल्या जागी तिचा निकाल लावला.

मग मी ते इंजिन उघडलं. साहेब नाही, शिक्का नाही. पिस्टन काढून काजळी खरवडताना तुझी आठवण येत होती, आणि शिव्याही येत होत्या, दोन्ही बरोबर. इतकी काजळी की हात धुवूनही नखांतून जाईना. तसाच मी घरी जेवायला बसलो, तर ही म्हणाली, "आज तरी नीट हात धुवा." ताटात तुझाच तांदूळ होता, शेवटच्या गाठोड्यातला. मी जेवलो. तुझ्या इंजिनानं कांडलेला भात त्याच इंजिनाच्या काजळीच्या हातानं.

परवा मांडणी झाली. इंजिन वडशापर्यंत रेल्वेनं आणि पुढे बंडीतून आणलं. सागाच्या जाड तुळयांवर ते बसवलं, पाण्याला पिंप जोडलं, शेजारी गाडीचीच बॅटरी ठेवली. आणि पाईप. पाच हात म्हणालो होतो, मी सात हात घातला. छपरीच्या कुडातून बाहेर काढून, वाऱ्याची दिशा पाहून, चिंचेकडे तोंड करून. सगळ्या बायांना गोळा करून समजावलं, की हे इंजिनाचं नाक आहे, कोंडा तिकडच्या अंगाला टाकायचा, इकडे चिमूटभरही नको. सगळ्यांनी मान डोलावली. अगदी तुझ्यासारखी. मला तेव्हाच समजायला हवं होतं.

वहिनींनी स्टार्टर दाबला. एकदा दाबला, दुसऱ्यांदा दाबला, आणि इंजिन लागलं. धूर पाहिला, पातळ, जेमतेम दिसावा इतका. पट्टा सरकला, हलर घरघरला, पहिली टोपली आत गेली आणि खालून पांढरा तांदूळ यायला लागला. बायांनी वाकून तो तांदूळ मुठीत घेऊन पाहिला. मग कोणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मला तिथं उभं राहवेना, म्हणून मी विहिरीवर हात धुवायला गेलो.

परत आलो आणि पाहतो तर चिंचेखाली, पाईपच्या बरोब्बर तोंडाशी, कोंड्याचा ढीग. बैल तिथं बांधलेले असतात, त्यांना जवळ पडावा म्हणून कोणीतरी टोपल्यांवर टोपल्या तिथंच नेऊन ओतल्या होत्या. वाऱ्यानं तो उडत होता आणि पाईप तो शांतपणे ओढत होता.

"वहिनी," मी ओरडलो, "किती वेळा सांगतलं? हा कोंडा पाईपात कसा जाऊन राह्यला?"

त्या हलरच्या तोंडाशी होत्या. मान वर न करता, हात न थांबवता म्हणाल्या, "उडत असन जी."

आणि मग त्यांचा हात थांबला. माझीही पुढची शिवी तोंडातच राहिली. बायांना काही कळलं नाही, त्या आपल्या टोपल्या भरत होत्या. वहिनींनी पदर तोंडावर घेतला. तेरवीलाही त्या रडल्या नव्हत्या, म्हणे.

मी फावडं घेतलं आणि तो ढीग पलीकडे ओढायला लागलो. रिंगा वर्षभरात परत आखडणार, मला परत यावं लागणार, आणि ह्या वेळी विचारायला वर कोणी साहेब नाही. ये म्हणून तू मला कधी बोलावलं नाहीस. आता बघ, सुटका नाही माझी तुझ्या गावातून.